लिंबाचं नाटक

प्रयोगाच्या दिवशी आक्का सकाळपासूनच राजा व्हायच्या. अंघोळ झाली की डिंकानं मिशी चिकटवायच्या आणि त्या मिशीसकट शिवाजी पेठेतल्या कोपऱ्यावर दूध आणायला जायच्या. दूधवाला काही बोलायचा नाही. तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलवरून भांडत बसलेली पोरंही त्यांना बघून गप्प व्हायची. एखादा नवखा हसलाच तर आक्का थांबायच्या, त्याच्याकडं तोंड करायच्या आणि म्हणायच्या, "हसून घ्या पावणं. संध्याकाळी तिकीट काढून या, मग बघतो." त्या दिवशी त्यांचं सगळं बोलणं पुरुषाचं. जातो, येतो, जेवलो.

ती मिशी बघितली की मी तळहात पदराला पुसायची. कारण त्याच संध्याकाळी माझ्या तळहातावर लिंबू ठेवून आक्का ते धारदार पट्ट्यानं कापणार असायच्या.

आमची मंडळी म्हणजे जुनी संगीत नाटक कंपनी. आक्कांच्या वडिलांनी ती गडहिंग्लजजवळ एका गुऱ्हाळाच्या छपराखाली सुरू केली. गुऱ्हाळ बंद असायचं त्या दिवसांत चुलाणावर फळ्या टाकून त्यांनी रंगमंच केला, आणि पहिल्या प्रयोगाला नटांचे पाय काकवीनं चिकटत होते, असं आक्का सांगायच्या. मग कंपनी कोल्हापुरात आली. पौराणिक नाटकं केली, ऐतिहासिक केली, एक सामाजिक करून पाहिलं, ते पडलं. जत्रांत, साखर कारखान्यांच्या पटांगणांत, शाळांच्या हॉलमध्ये प्रयोग झाले. पुढं लोक घरात टीव्हीसमोर बसायला लागले आणि एकेक नाटक गळत गेलं. पुरुष नटही गळाले. जो राजा करायचा तो एका पतसंस्थेत चिकटला. तेव्हापर्यंत आक्का राणी करायच्या. राजा मिळेना म्हणून त्यांनी मिशी लावली आणि राणीसाठी दुसऱ्या मुली शोधल्या. त्यातली शेवटची मी.

उरलं होतं एकच नाटक. त्याचं मूळ नाव लांबलचक संस्कृत वळणाचं होतं. पत्रिकेवर आम्ही तेच छापायचो, पण लोक म्हणायचे, लिंबाचं नाटक.

त्यात लढाईहून परतलेल्या राजाला कुणीतरी राणीबद्दल वाईटसाईट सांगतं. राजा तिला भर दरबारात उभी करतो. तळहातावर लिंबू ठेव म्हणतो. मन स्वच्छ असेल तर हात हलणार नाही. राणी एक लांब सूर धरते. राजा तिच्याभोवती पट्टा फिरवत येतो आणि तिच्या हातावरच्या लिंबाचे दोन तुकडे करतो. मग म्हणतो, "आमची खात्री पटली, महाराणी." इथं टाळ्या.

पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत हात घालून चालवायचं लांब, लवलवतं पातं. मर्दानी खेळात असतो तो. आक्का तो पेठेतल्या तालमीत शिकल्या होत्या, जेव्हा मुलींना तिथं कुणी उभं करत नव्हतं. पातं खरं होतं. लाकडाचं करू या, असं कुणी म्हटलं की त्या विचारायच्या, "मग गाणं पण नुसतं तोंड हलवून म्हणू या का?"

मी गडमुडशिंगीची. नवरा डेअरीत, मी घरी ब्लाऊज शिवायची. गाणं माहेरी शिकलेली होते. मंडळीला राणी पाहिजे असं कळलं म्हणून गेले. जिना चढून वर गेले तर आक्का खुर्चीत बसलेल्या, कडेला दस्तगीरचाचा पायपेटीवर. चाचांचं गादीचं दुकान होतं आणि जन्म आक्कांच्या गाण्याला साथ करण्यात गेलेला. आक्कांनी माझं नाव विचारलं नाही. गरम चहानं भरलेली बशी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "षड्ज धर."

मी धरला. बशी भाजत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्या थांब म्हणेनात. शेवटी चाचाच म्हणाले, "बस करा आक्का, पोरगी भाजंल." आक्कांनी बशी उचलली, त्यातला चहा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "उद्या ये."

उद्यापासून जे सुरू झालं त्याला तालीम म्हणायचं का, मला आजही कळत नाही. मी सूर धरून उभी असताना त्या मागून यायच्या आणि स्टीलचं ताट फरशीवर टाकायच्या. कधी मानेवर गार पाणी ओतायच्या. सूर हलला की पहिल्यापासून. हाताची उंची ठरलेली होती, हनुवटीच्या बरोबर खाली, एक वीतभर पुढं. तो हात जरा इकडंतिकडं झाला तर त्या ओरडायच्या नाहीत, हळू आवाजात म्हणायच्या, "सूर जिथनं निघतोय तिथंच खाली हात पायजे." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंडळीतले सगळेच त्यांना भ्यायचे. प्रधानाचं काम करणारे गृहस्थ चांगले निवृत्त मामलेदार होते, पण आक्कांच्या खोकल्याचा आवाज जिन्यात आला की विडी विझवायचे.

पहिल्या प्रयोगाला मी लिंबू घेऊन उभी राहिले. पातं कानाजवळून गेलं की वाऱ्याचा सूं आवाज येतो. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग पातं लिंबाला हळूच टेकतं, नुसतं टेकतं, आणि उचललं जातं. त्यानंतरचा क्षण सगळ्यात वाईट. डोळे मिटायचे नाहीत, ही आक्कांची सक्त ताकीद. मग तळहाताला काहीतरी थंड लागतं आणि लिंबाचा रस बोटांतून गळायला लागतो. तो रस आहे, रक्त नाही, एवढं कळायलाही वेळ जातो. टाळ्या वाजत असायच्या आणि मी हात बघत असायची. घरी नवऱ्याला सांगितलं होतं की पातं बोथट असतं.

असं कितीतरी प्रयोगांत झालं. कधी एक ओरखडाही आला नाही. तरीही भीती गेली नाही.

मग एका दुपारी मी आक्कांच्या घरी गेले. राजाच्या अंगरख्याची शिवण उसवली होती, ती मी घरून घालून आणली होती. दार उघडंच होतं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मी चप्पल काढून आत आले आणि त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले. त्या हातातल्या कपात चहा ओतत होत्या. एक बोट कपात घातलेलं होतं, चहा बोटाला लागला तेव्हा ओतायच्या थांबल्या.

मग मान वर करून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कोण हाय?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

"पावणं, कुणाकडं आलासा? बोला की."

त्यांचे डोळे माझ्या तोंडावरच होते. पण थोडे बाजूला, माझ्या कानाच्या आसपास. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्या एक पाऊल मागं सरकल्या आणि मागची भिंत हातानं शोधली. अंगरखा तिथंच खुर्चीवर ठेवून मी मागच्या पावलांनी बाहेर आले आणि चप्पल हातात घेऊन जिना उतरले.

थेट चाचांच्या दुकानात गेले. ते गादीला टाके घालत होते. मी धापा टाकत सांगितलं, "चाचा, आक्कांना दिसत न्हाई."

त्यांनी सुई कापसात खोचली. "बस," म्हणाले. मुलाला चहा सांगायला पाठवलं आणि मग दबक्या आवाजात बोलले. "काचबिंदू हाय. मीच घेऊन गेलतो दवाखान्यात. गेलेली नजर परत यायची न्हाई म्हणाले डॉक्टर. बाजूचं आधी गेलं, मग मधलं. आता उजेड आन् अंधार, एवढंच कळतंय तिला."

"आणि नाटक?"

"सतरंजीखाली सुतळी टाकून दिलीया मी, पायाला लागती. सिंहासन कुठं, पायऱ्या कुठं, समदं त्या सुतळीवर. बाकी पेटीवर कळतंय."

"आणि लिंबू?"

चाचा माझ्याकडं बघेनात. "तू सूर धरतीस न्हवं? त्याच्याखाली तुझा हात असतोय. वीतभर पुढं."

ताट, पाणी, बशी, हनुवटीखालचा हात, सगळं एकदम समजलं. इतके दिवस मला वाटत होतं, त्या माझं गाणं घडवतायत. त्या मला खुणेचा दगड करत होत्या. आधीच्या प्रयोगांतला एकेक आठवायला लागला. एकदा माझ्या घशात कफ होता. एकदा मला ठसका येता येता राहिला होता.

"तुम्ही मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुझा सूर हलला असता," चाचा म्हणाले. "मग काय झालं असतं?"

पुढच्या तालमीला मी सगळ्यांच्या आधी पोचले. आक्का एकट्याच बसल्या होत्या.

"परवा दुपारी तूच आलतीस," त्या म्हणाल्या. "अंगरखा खुर्चीवर घावला. चाचानं बी सांगितलं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्याले."

आक्कांनी डावा हात पुढं केला आणि माझी बोटं धरून आपल्या तळव्यावर फिरवली. करंगळीखाली जुन्या जखमेची एक जाड, आडवी शिवण होती. ती मला माहीत होती. कोल्हापुरातल्या जुन्या प्रेक्षकांना सगळ्यांनाच माहीत होती. आक्का राणी आणि त्यांचे वडील राजा होते तेव्हा एका प्रयोगात पट्टा घसरला, पोरीचा तळवा फाटला, पण तिनं सूर सोडला नाही. मंडळीच्या प्रत्येक पत्रिकेत ही गोष्ट असायची.

"त्यो सूर न्हवता," आक्का म्हणाल्या. "वरडत हुते मी. गळा तयार हुता म्हणून वरडणं बी सुरात निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् वडलांना वाटलं पोरगी गातीया. त्यांनी पुढचं पद सुरू केलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी बुलेटला किक मारत होतं, ती लागत नव्हती. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

"वडील प्यालेले असायचे," त्या म्हणाल्या. "मी शुद्धीत चालवते. आजपर्यंत कुणाला लागलंय का?"

"पण तुम्हाला दिसत न्हाई, आक्का."

"लिंबू दिसायला लागत न्हाई. तू लागतीस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाट्य महोत्सवात आपला प्रयोग लागलाय. लिंबू न्हाई म्हटलं तर आपल्याला कोण बोलवतंय? गाणं ऐकायला कोण येतंय आता? तेवढा एक कर. मग तुझ्या मनानं."

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे पुष्कळांनी मला नंतर विचारलं. पट्ट्यापेक्षा मी आक्कांना जास्त भीत होते, हे एक. दुसरं सांगायला अवघड आहे. लिंबू पडल्यावर टाळ्या वाजायच्या तेव्हा मी जिवंत आहे हे मला जितकं कळायचं तितकं शिलाई मशीनवर बसून कधी कळलं नव्हतं.

महोत्सवाचा प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. हॉल भरला होता. रंगपटात मी सारखी पाणी पीत होते तरी तोंड कोरडं पडत होतं. आक्का मिशी लावून बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ओला आणि गार होता.

दरबाराचा प्रवेश आला. मी तळहातावर लिंबू ठेवलं, हात हनुवटीखाली धरला आणि षड्ज लावला. आक्का सुतळीवरून येत होत्या, आता मला ती सुतळी जणू सतरंजीच्या आरपार दिसत होती. पट्टा फिरायला लागला. उजव्या कानाजवळ सूं. डाव्या कानाजवळ सूं. मी आक्कांच्या डोळ्यांकडं बघितलं. बघायला नको होतं. ते माझ्यावर नव्हते, कशावरच नव्हते.

माझा सूर बंद पडला. मी सोडला नाही, तो आपोआप गेला. तोंड उघडं आणि आवाज नाही.

आक्का थांबल्या. पट्टा डोक्यावर उचललेला, हात ताठ. लोकांना वाटलं, हाच तो क्षण.

"कुठं हाईस?" आक्का ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

तेव्हा मला सावरायला म्हणून चाचांनी पेटीवर षड्ज दाबला. त्यांचा हेतू चांगला होता. पण पेटी होती रंगमंचाच्या दुसऱ्या कडेला, आणि आक्कांना सूर मिळाला. त्या वळल्या. पट्टा फिरवत, तालमीत शिकलेल्या पवित्र्यात, चाचांच्या दिशेनं निघाल्या. चाचांना दिसत होतं. त्यांनी पेटीवरून हात काढला असता तर आक्का आंधळ्यासारख्या मधेच उभ्या राहिल्या असत्या, भर हॉलसमोर. त्यांनी हात काढला नाही. भाता हलत राहिला, सूर चालू राहिला आणि पातं त्यांच्या डोक्याच्या दिशेनं जात राहिलं.

"आक्का," मी म्हणाले. कसं म्हणाले माहीत नाही. "आक्का, मी हिकडं हाय."

पट्टा हवेतच थांबला. मग आक्कांनी तो सावकाश खाली आणला. टोक फळीला लागल्याचा आवाज आला. खोबणीतून हात काढला, पट्टा जमिनीवर ठेवला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं चालत आल्या. चाचपडत माझा हात धरला, त्यावरचं लिंबू उचललं आणि राजाच्या आवाजात म्हणाल्या, "आमची खात्री पटली, महाराणी."

पडदा पडला. टाळ्या आल्या, पण उशिरा. मागून कुणीतरी म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "लिंबू कापलंच न्हाई की." दोन दिवसांनी पेपरात आलं की मंडळीनं जुन्या नाटकाला नवा अर्थ दिला, परीक्षा न घेताच राजाची खात्री पटते.

रंगपटात मी भिंतीला चिकटून उभी होते. आता थप्पड बसणार असं वाटत होतं. आक्का खुर्चीत बसल्या होत्या, मिशी तशीच.

"चाचापासून किती लांब हुतं?" त्यांनी विचारलं.

मी दोन तळहात समोरासमोर धरून अंतर दाखवलं. मग लक्षात आलं. बोलायला तोंड उघडलं तर चाचाच म्हणाले, "लई लांब हुतं, आक्का."

"खोटं बोलतोयस. घामाचा वास येतोय तुझ्या."

चाचांचा सदरा पाठीला चिकटला होता. आक्कांनी मिशीचं एक टोक धरलं आणि ओढून काढली, डिंक ओला न करता. वरचा ओठ लाल झाला. मिशी चाचांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चला, रिक्षा बघा कुणीतरी."

त्यानंतर आक्का कोल्हापुरात राहिल्या नाहीत. गडहिंग्लजला भाच्याकडं गेल्या. मंडळीचे प्रयोग काही दिवस थांबले. मग मामलेदारांनी आणि मी मिळून जुनी एक-दोन नाटकं पुन्हा बसवायला घेतली, ज्यांत नुसतं गाणं आहे. लोक थोडे येतात.

परवा मी आक्कांना भेटायला गेले. त्या बारीक झाल्या होत्या, केस कापलेले. पुन्हा बसवलेल्या नाटकातली पदं मी म्हणून दाखवली, त्यांनी दोन जागा दुरुस्त केल्या, एकदा कपाळावर हात मारून घेतला. निघताना म्हणाल्या, "मी येते स्टँडापातूर." भाचा नको म्हणाला, तरी ऐकलं नाही. बऱ्याच दिवसांत घराबाहेर पडल्या नव्हत्या.

मोठ्या रस्त्यापर्यंत त्या काठी टेकत नीट आल्या. माझ्या हाताला हात लावू दिला नाही. पण गळीत हंगाम होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ट्रॅक्टरवर गाणी ढणढण लावलेली. पलीकडं स्टँड दिसत होता आणि फाटकात कोल्हापूरची एसटी उभी होती. मी म्हटलं, "चला आक्का, आता मोकळं हाय."

त्या हलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय."

एक ट्रॉली गेली. धूळ उडाली, उसाची वाळलेली पानं आमच्या अंगावर आली. मग रस्ता पुन्हा मोकळा झाला, आणि आक्का तशाच उभ्या, तोंड आवाजाच्या दिशेला वळवून. मीही घाई केली नाही. समोर एसटीनं हॉर्न दिला आणि ती सुटली. मी तिच्याकडं बघत राहिले आणि आक्कांचा हात माझ्या मनगटावर तसाच राहू दिला.